शब्दार्थ पाठ होतात, शब्द अंगी लागत नाहीत

एका शिक्षणसेवक सरांचा प्रश्न आहे. सहावीला मराठी शिकवतात, वर्गात ३८ मुलं. पाठाखालचे शब्दार्थ मुलं धडाधडा म्हणून दाखवतात, चाचणीत दहापैकी नऊ-दहा मिळवतात. पण निबंधात किंवा बोलण्यात त्यातला एकही शब्द उमटत नाही. शब्दसंपत्ती मुलांना गोडी लागेल अशी कशी शिकवायची, खेळ कोणते घ्यायचे आणि मुख्य म्हणजे ती तपासायची कशी, असं त्यांनी विचारलंय.

सर, तुमचा प्रश्न वाचून मला एक वही आठवली. माझ्या नोकरीचं चौथं वर्ष होतं. पाच वाक्प्रचार दिले होते, ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून. एका पोराने लिहिलं होतं, ‘मॅडमनी मला हायसे वाटणे म्हणजे काय ते विचारले.’ त्याखाली, ‘मॅडमनी मला कानाडोळा करणे म्हणजे काय ते विचारले.’ पाचही वाक्यं तशीच. शुद्धलेखनाची चूक नाही, वाक्य चोख, आणि वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग तर केलेलाच. गुण कापायला जागा नव्हती. मी त्याला वर्गात झापलं, पण घरी जाताना एसटीत बसल्यावर कळलं की पोरगं हुशार आहे आणि माझा प्रश्न ढिला आहे. अर्थ माहीत नसताना ज्याचं उत्तर लिहिता येतं, तो शब्दाचा प्रश्न कसला?

दुसरी वही एका मुलीची. पाठाखाली ‘उदक – पाणी’ असा अर्थ दिलेला होता. तिने लिहिलं, ‘उन्हातून आल्यावर आईने मला थंडगार उदक दिले.’ मी चूक म्हटलं तर तिने बोट ठेवून दाखवलं, ‘इथं पाणीच दिलंय की.’ आता हिला काय सांगणार? उदक कोणी तहान लागली म्हणून पीत नाही, उदक सोडतात. हक्कावर सोडतात, वाट्यावर सोडतात. पाणीही सोडतात, ते उसाला सोडतात आणि आशेवरही सोडतात. जल बहुतेक सरकारी कामात भेटतं : जलसंपदा, जलसंधारण, जलयुक्त शिवार. नीर अभंगात आणि कवितेत. भाऊ सख्खे असले तरी प्रत्येकाची सोयरीक वेगळ्या घरात झालेली असते. शपथेचंही तेच. मंत्री शपथ घेतो, मैत्रीण शपथ घालते आणि खोटं सापडलेलं पोरगं आईची शपथ खातं. नाम तेच, क्रियापद बदललं की माणूसच बदलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की शब्दाची सोयरीक शिकवा आणि तपासतानाही सोयरीकच तपासा. पुढे लिहितेय तो त्याचाच तपशील. २६ वर्षं मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली, त्यातून जे टिकलं तेवढंच सांगते.

आधी निवड. पाठात पंधरा-वीस शब्द नवे असतात. सगळे शिकवायला गेलात तर एकही बसत नाही. मी पाच घेते. ‘शिरस्त्राण’सारखा शब्द आला तर ‘लढाईतलं हेल्मेट’ एवढं सांगून पुढे जाते. तो मुलांना पुन्हा कधी भेटेल सांगता येत नाही. पण ‘प्रमाण’ आला की थांबते. गणितात समप्रमाण आहे, विज्ञानात हवेतल्या नायट्रोजनचं प्रमाण ७८ टक्के आहे, मराठीत प्रमाण भाषा आहे, तलाठ्याकडे प्रमाणपत्रं असतात आणि लग्नातला डीजे प्रमाणाबाहेर वाजतो. हा एक शब्द नीट बसला तर गणिताच्या सरांचं निम्मं काम होतं. परिणाम, तुलना, वैशिष्ट्य, निरीक्षण हे शब्दही त्यातलेच. सगळ्या विषयांच्या प्रश्नपत्रिकांत असतात आणि शिकवत मात्र कोणीच नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की ते मराठीवाल्याचं काम, आणि मराठीवाला बसलेला असतो शिरस्त्राण समजावत. ‘तुलना करा’ म्हटल्यावर मुलं एका वस्तूबद्दल चार ओळी लिहून थांबतात, त्यात ज्ञान कमी असतं असं नाही. ‘तुलना’ला दोन बाजू लागतात हेच कोणी सांगितलेलं नसतं.

शब्द वर्गात आणायचा कसा? ‘हायसे वाटणे’चंच सांगते. अर्थ आधी सांगायचा नाही. मी गोष्ट सांगितली. ‘काल मला उशीर झाला. वाटलं, एसटी गेली असणार. पळत पळत फाट्यावर आले तर गाडी उभी! मला हायसं वाटलं.’ मग मुलांना तीनदा मोठ्याने म्हणायला लावलं, कारण जो शब्द तोंडातून गेला नाही तो हातातून उतरत नाही. मग विचारलं, तुम्हाला कधी हायसं वाटलं? एक म्हणाला, ‘गणिताची चाचणी पुढे ढकलली तेव्हा.’ एकजण म्हणाली, ‘बाबा रात्री लई उशिरा आले, गाडीचा आवाज आला तेव्हा.’ तिसरा म्हणाला, ‘जिलबी मिळाली तेव्हा.’

त्याला चूक म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं आणि वर्गाला विचारलं, ‘काय रे, जिलबीचं चालेल का?’ दोन मिनिटं कालवा झाला. मग मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, ‘आधी भ्या वाटलं पाहिजे. जिलबीला भ्या कुठंय? ते नुसतं बरं वाटणं.’ जिलबीवाला हार मानेना. ‘जिलबी संपली असं वाटलं होतं, पण एक राहिली होती. मग?’ मग चालेल, असा वर्गाने निकाल दिला. माझ्या मते त्या दिवसाचा पाठ तिथेच झाला. ‘हायसे वाटणे – समाधान वाटणे’ असं वहीत लिहून घेतलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं, आणि मुळात तो अर्थ अर्धवटच आहे.

शब्द आला की मी मुलांना त्याचा घरचा शब्द विचारते. माझ्या एका वर्गात निम्मी मुलं तांड्यावरची होती, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी. त्यांची आई याडी आणि भाकरी बाटी. भिंतीवर खडूने तीन रकाने आखले होते : घरचा, गावचा, पुस्तकाचा. ‘मुलगा’ या ओळीत छोरा, पोरगं, मुलगा असं आलं. खानदेशातून आलेल्या सरांनी ‘आंडोर’ दिला, कोकणातून बदलून आलेल्या बाईंनी ‘झील’. मुलांना एवढी मजा आली की रकाना पुरेना, ओळ खिडकीच्या चौकटीपर्यंत गेली. अट एकच की कोणत्याही रकान्याला ‘शुद्ध’ असं नाव द्यायचं नाही. घरच्या शब्दाला वर्गात जागा मिळाली की पुस्तकाच्या शब्दाचं परकेपण कमी होतं. न मिळाली तर मूल गप्प बसतं, आणि गप्प मुलाची शब्दसंपत्ती कशी वाढवायची हे मला अजून तरी जमलेलं नाही.

आता खेळ. शब्दशोधाच्या जाळ्या, उलटसुलट अक्षरं लावून शब्द बनवा, गाळलेली अक्षरं भरा, हे सगळं वर्ग शांत ठेवायला चांगलं आहे. ऑफिसचं काम उरकायचं असेल तर मीही देते. पण जाळीत ‘कृतज्ञता’ शोधणाऱ्या मुलाला कृतज्ञता म्हणजे काय हे माहीत असावं लागत नाही, त्याला फक्त ‘कृ’ दिसावा लागतो. भेंड्यांचाही तोच घोळ. मूल ‘क’वरून माहीत असलेलाच शब्द सांगतं, आणि दहा हुशार मुलं खेळतात, बाकीची टाळ्या वाजवतात. खेळ निवडताना मी एकच बघते, अर्थाशिवाय जिंकता येतं का? येत असेल तर तो मधल्या सुट्टीचा खेळ.

अर्थाशिवाय जिंकता येत नाही असे दोन खेळ माझ्याकडे वर्षानुवर्षं चालले.

पहिला चालण्याचा. चिठ्ठ्यांवर लिहायचं : तरातरा, तुरुतुरु, लुटुलुटु, झपझप, पाय ओढत, दबक्या पावलांनी, डुलत, लगबगीने. एकाने चिठ्ठी उचलायची आणि दारापासून फळ्यापर्यंत तसं चालून दाखवायचं. वर्गाने ओळखायचं. मराठीत नुसत्या चालण्याला एवढे शब्द आहेत हे मुलांना आधी खरंच वाटत नाही. ‘लुटुलुटु’ची चिठ्ठी आमच्या वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराला आली. तो गुडघे वाकवून, हात पसरून नुकतंच चालायला लागलेल्या बाळासारखा आला, आणि अर्थ सांगायची वेळच आली नाही. मग दुसरी फेरी : कोण कसं चालेल? चोर तरातरा चालेल का? पाहुण्यांसाठी पाणी आणणारी काकू पाय ओढत येईल का? आली तर त्याचा अर्थ काय? (एकाने सांगितलं, ‘पाहुणे आवडले नाहीत.’ सहावीतल्या मुलाने!)

दुसरा दोरीचा. खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधायची, कपडे वाळत घालायचे चिमटे आणायचे. चिठ्ठ्यांवर एकाच घरातले शब्द आणि मुलांनी ते चढत्या क्रमाने लावायचे. सुरुवात आंघोळीच्या पाण्यापासून करा : गार, कोमट, ऊन, गरम, कढत, उकळतं. ‘ऊन पाणी’ म्हणजे काय हे शहरातल्या मुलांना बरेचदा माहीत नसतं, आजीला विचारून यायला सांगा. मग राग घ्या : चिडणे, रागावणे, संतापणे, भडकणे, खवळणे, फुगणे, रुसणे. एका वर्षी ‘रुसणे’ कुठे लावायचं यावर अख्खा तास गेला. कोणी पहिलं म्हणे, कोणी ‘चिडणे’च्या नंतर. शेवटी एका मुलीने चिठ्ठी दोरीवरून काढूनच टाकली. म्हणाली, ‘हे इथलं नाहीच. रुसायला आपलं माणूस लागतं. दुकानदारावर कोण रुसतं?’ मी २६ वर्षांत ‘रुसणे’चा एवढा नेमका अर्थ कोणत्याही कोशात वाचलेला नाही. दोरी लावल्यावर क्रम बरोबर आला की नाही याला फारसं महत्त्व देऊ नका. ‘संतापणे’ आणि ‘भडकणे’मध्ये कोण पुढे यावर मोठी माणसंही भांडतील. भांडताना मुलं काय उदाहरणं देतात ते कान देऊन ऐका.

शब्दाचे तुकडे पाडून दाखवणं हेही फार उपयोगी, पण व्याकरणाच्या तासासारखं नको. ‘खोर’ घ्या. मी फळ्यावर लाचखोर, नफेखोर, भांडखोर लिहिलं आणि म्हटलं आणखी सांगा. चुगलखोर आला, दंगेखोर आला आणि मग मागून एकाने हळूच ‘हरामखोर’ सोडला. वर्ग फिस्सकन हसला आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी तोही फळ्यावर लिहिला. मग सांगितलं की हा ‘खोर’ फारसीतून आलाय आणि त्याचा अर्थ खाणारा. आता बघा, लाचखोर काय करतो? ‘लाच खातो!’ म्हणजे मराठीने प्रत्यय फारसीतून घेतला आणि क्रियापद घरचं लावलं, दोन्हीकडे खाणंच. हरामखोर म्हणजे कष्ट न करता, हक्काचं नसलेलं खाणारा. शिवी आहेच, पण शिवीतही अर्थ असतो. तिथून आम्ही ‘खाणे’वर गेलो. भाव खाणे, कच खाणे, खस्ता खाणे, मार खाणे, हवा खाणे, डोकं खाणे, गटांगळ्या खाणे. गंमत अशी की यातल्या एकाही खाण्याने पोट भरत नाही. ही यादी भिंतीवर डकवली आणि ज्याला नवीन खाणं सापडेल त्याने घाला म्हटलं.

एवढं करूनही शब्द विसरतात. एकदा शिकवलेला शब्द राहत नाही, त्याला वाढत्या अंतराने पुन्हा भेटावं लागतं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७०च्या दशकात यासाठी कप्प्यांच्या पेटीची पद्धत रूढ केली. मी ती बिस्किटांच्या तीन डब्यांवर भागवली. पहिला डबा रोजचा, दुसरा शनिवारचा, तिसरा महिन्याचा. शब्द चिठ्ठीवर, मागे काही नाही. रोज पहिल्या पाच मिनिटांत रोजच्या डब्यातून चार चिठ्ठ्या निघतात. ज्याला चिठ्ठी येईल त्याने अर्थ सांगायचा नाही, शब्दाची सोयरीक सांगायची, म्हणजे तो कोणाबरोबर येतो, कुठे चालतो, कुठे चालत नाही. वर्गाला पटलं तर चिठ्ठी पुढच्या डब्यात, नाही पटलं तर पहिल्यात परत. महिन्याच्या डब्यातून घसरून रोजच्या डब्यात आलेल्या चिठ्ठीचं मुलांना फार वाईट वाटतं, सापशिडीत साप गिळतो तसं.

आता तपासणं, तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग.

शिकवायच्या आधी बोटांची चाचणी घ्या. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६५मध्ये शब्द माहीत असण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : कधी ऐकलाच नाही, ऐकलाय पण अर्थ सांगता येणार नाही, वाक्यात आला तर अंदाज येतो, चांगला माहीत आहे. मी मुलांना मूठ, एक बोट, दोन बोटं, तीन बोटं छातीजवळ धरायला सांगते, म्हणजे शेजारच्याला दिसत नाहीत. पाच शब्दांना एक मिनिट लागतं आणि कुठे वेळ घालवायचा ते कळतं. पण मुलं चढवून सांगतात. त्यावर उपाय म्हणजे यादीत एक खोटा शब्द घुसवायचा. मी एकदा ‘भुंगवण’ घातला. सात जणांची तीन बोटं वर! एकाला विचारलं तर म्हणाला, ‘भुंग्यांचं वन.’ खरं तर त्याने शब्द बरोबर फोडला होता, त्याबद्दल त्याला शाबासकी दिली आणि पुढच्या वेळेपासून बोटं जरा प्रामाणिक झाली.

तोंडी तपासायला मी हो-नाहीचे प्रश्न वापरते, पण ‘का’ जोडून. ओसाड गावात आठवडी बाजार भरेल का? काटकसरी माणूस लग्नात हात सैल सोडेल का? कंजूस माणूस गरीब असू शकतो का? या शेवटच्या प्रश्नावर सगळा वर्ग ‘नाही’ ओरडला आणि एकटा म्हणाला, ‘असू शकतो, पण कळणार कसं?’ त्याला ‘कंजूस’ शब्द आतून-बाहेरून माहीत आहे हे कळायला दहा गुणांची चाचणी लागली नाही.

लेखी चाचणीत ‘वाक्यात उपयोग करा’ मी बंद केलं. त्याऐवजी अर्धं वाक्य देते आणि ‘कारण’ लावते. ‘आजीने ______ कानाडोळा केला, कारण ______.’ एकाने लिहिलं, ‘आजीने मांजरीकडे कानाडोळा केला, कारण तिला मांजर आवडते.’ दुसरा, ‘...मांजर दूध पीत होती तिकडे आजीने कानाडोळा केला, कारण तिची पिल्लं उपाशी होती.’ तिसरा, ‘आजीने माझ्याकडे कानाडोळा केला, कारण तिचा डोळा दुखत होता.’ तिसऱ्याला शून्य (हसून). पहिल्याला एक, त्याला दुर्लक्षाचा वास लागलाय, पण दुर्लक्ष कशाकडे ते सांगता आलं नाही. दुसऱ्याला पैकीच्या पैकी तीन, कारण कानाडोळा करण्यात दिसूनही न बघणं असतं आणि ते त्याच्या वाक्यात आहे. दोन गुण कोणाला? ज्याचा अर्थ बरोबर आहे पण शब्द वाक्यात नीट बसला नाही त्याला. शून्य ते तीन एवढीच माझी मोजपट्टी, ती मुलांनाही माहीत असते, आणि महिन्यातून एकदा तीच एकमेकांच्या वह्या तपासतात.

दुसरा प्रकार बिघडलेल्या वाक्यांचा. ‘नव्या मंत्र्यांनी पदाची शपथ खाल्ली.’ ‘मी दिवाळीत सगळ्यांचा भाव खाल्ला आणि फराळही.’ काय बिघडलंय ते सांगा आणि नीट करा. मुलं पोट धरून हसतात आणि जो हसत नाही त्याला शब्द आलेला नाही. कधीकधी चाचणीचा कागद गोळा करायच्या आधीच निकाल कळतो.

शुद्धलेखनाचे गुण यात मिसळू नका. अर्थ बरोबर आणि वेलांटी चुकीची असेल तर वेलांटी दुरुस्त करा, गुण कापू नका. अपवाद फक्त दिन-दीन, शिर-शीर, सुत-सूत अशा जोड्यांचा, कारण तिथे वेलांटी आणि उकारच अर्थ सांगतात. बहुपर्यायी प्रश्न करायचे असतील तर चारही पर्याय एकाच जातीचे ठेवा. नामाला तीन विशेषणं आणि एक नाम दिलं तर मूल अर्थ न बघता बरोबर टिचकी मारतं.

खरी परीक्षा पंधरा दिवसांनी. न सांगता चित्र द्यायचं, दहा ओळी लिहून घ्यायच्या आणि शिकवलेल्यापैकी जो शब्द आपणहून आला असेल त्याखाली हिरवी पेन्सिल. सुरुवातीला ३८ वह्यांत चार हिरव्या रेघा दिसतील. खचू नका, मला पहिल्या वर्षी दोन दिसल्या होत्या आणि त्यातली एक चुकीची होती.

तुम्ही म्हणाल, नोंदी कुठे करायच्या? २० ऑगस्ट २०१०च्या सर्वंकष मूल्यमापनाच्या शासन निर्णयाने सहावीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन यांना निम्मा-निम्मा भार दिला, आणि आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण आणि तोंडी काम ही दोन याच कामासाठी आहेत. आपण मात्र त्यात ‘शब्दसंपत्ती चांगली आहे’ असं ३८ वेळा लिहून मोकळे होतो. रोज सहा-सात मुलांवरच लक्ष ठेवा, शनिवारपर्यंत वर्ग पुरा होतो. एक ओळ पुरे, पण ती त्या मुलाचीच असावी : ‘हायसे वाटणे आणि आनंद होणे यांतला फरक स्वतःच्या उदाहरणाने सांगते.’ पालक सभेला अशी एक ओळ वाचून दाखवा आणि आईचा चेहरा बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आमच्या भागात ती टाळता येत नाही. दिवाळी झाली की माझ्या वर्गातली आठ-दहा मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, परत यायची. पहिली काही वर्षं मी त्यांना ‘मागे पडलेली’ धरत होते. चुकत होते. एका एप्रिलमध्ये पाठात ‘तमाशाचा फड’ आला. नुकतीच परत आलेली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, फड उसाचा असतो.’ मी म्हटलं, दोन्ही बरोबर. आणि कुस्त्यांचाही असतो. एकाने लगेच विचारलं, ‘मग फडकं म्हणजे छोटा फड का?’ तो गोंधळ निस्तरल्यावर मी तिला म्हटलं, तुझ्याकडचे शब्द सांग. ती म्हणाली, ‘आमच्या घरातून दोन कोयते गेले होते.’ वर्गाला वाटलं, दोन कोयते सामानात बांधून नेले. ती हसली. ‘कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन कोयते म्हणजे चार माणसं. आई-बाबा आणि काका-काकू.’ मग तिने उचल सांगितली, मोळी सांगितली, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) सांगितलं, कोपी (राहायची झोपडी) सांगितली. उचल म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे, आणि ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागतं, हे ती अगदी सहज बोलून गेली. त्या दिवशी शिकवलं तिने, फळा मी पुसला. तिच्या नोंदीत तोंडी कामाखाली मी लिहिलं, ‘एका शब्दाचे संदर्भानुसार बदलणारे अर्थ वर्गाला समजावून सांगते.’

पुढच्या हंगामापासून जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर वीस चिठ्ठ्यांची गड्डी रबर लावून द्यायला लागले. दहा चिठ्ठ्यांवर आमचे शब्द, दहा कोऱ्या, तिकडचे शब्द लिहून आणण्यासाठी. सगळ्या परत येत नाहीत. काही पावसात जातात, काहींवर हिशोब लिहिलेले असतात. ज्या येतात त्या थेट रोजच्या डब्यात पडतात.

डबे बिस्किटांचे नसले तरी चालतील, फक्त झाकण घट्ट बसणारं घ्या. आमच्याकडे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत उंदरांनी महिन्याचा डबा साफ केला. शाळा उघडल्यावर मी डबा उलटा केला तर भुसा पडला. मुलं क्षणभर गप्प होती, मग एकजण उठला, भिंतीपाशी गेला आणि ‘खाणे’च्या यादीत शेवटी लिहून आला : ‘शब्द खाणे – उंदीर.’ त्याखाली दुसऱ्याने लगेच भर घातली : ‘आणि घाईघाईने बोलणारे आमचे मामा.’